नॅचरल रेड वाइन म्हणजे नक्की काय? तिने डोकं दुखत नाही हे खरं का?

तुम्ही विचारलंय की साधी वाइनही द्राक्षांचीच असते, मग 'नॅचरल' वेगळी कशात? आणि सल्फाइट नसल्यामुळे तिने डोकं दुखत नाही, हे खरं का? मी मूळचा दिंडोरीचा, घरची द्राक्षबाग आहे. फ्रान्समध्ये शिकत असताना एका सप्टेंबरात बोजोले भागातल्या मॉर्गोंला द्राक्षतोडणी केली आणि पुढे महिनाभर तिथल्याच तळघरात राबलो. त्यावरून सांगतो.

नेहमीच्या वाइनमध्ये द्राक्षांखेरीज बरंच काही घालायला कायद्याने परवानगी आहे. पाकिटातलं यीस्ट, एन्झाइम, टॅनिन, आंबटपणा कमी पडला तर टार्टरिक ॲसिड, थंड भागात साखर. शिवाय सल्फाइट, म्हणजे आपण घरी सरबतं टिकवायला वापरतो तेच केएमएस. यात भेसळ काही नाही, दरवर्षी तीच चव हवी असेल तर हे लागतंच. नॅचरलवाले यातलं जवळपास सगळं वगळतात. इडलीच्या पिठाला आपण कुठे विरजण लावतो? तसंच मण्यांवर आणि तळघरातल्या भांड्यांवर जे यीस्ट असतं, त्यावरच रस आंबू देतात.

ही वाट आधुनिक काळात दाखवली ती बोजोलेच्याच ज्यूल शोव्हे यांनी (1907–1989). ते वाइनचे व्यापारी होते आणि रसायनशास्त्राचे जाणकारही. त्यांच्याकडून शिकून मार्सेल लापिएर यांनी 1980च्या दशकात मॉर्गोंमध्ये गामे द्राक्षाची अशी वाइन करायला घेतली. चळवळीच्या मुळाशी प्रयोगशाळेत रमणारा माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण 'काहीही न करता आपोआप होणारी वाइन' हा समज अगदी चुकीचा आहे.

आमच्याकडे नाशिकला मांडवाखाली उभ्याने घड तोडतात. तिथे वेली गुडघ्याएवढ्या, दिवसभर कमरेत वाकून कात्री चालवायची. घड अख्खाच हवा, म्हणून यंत्र चालत नाही. क्रेट भरला की मालक स्वतः घड उलटेपालटे करून बघायचा आणि कुजका मणी दिसला की तिथेच काढून टाकायचा. सल्फाइट घालणार नसाल, तर एका कुजक्या मण्यातले जंतूही पुढे महागात पडतात.

मग ते घड न चुरडता टाकीत सोडायचे. तळाचे मणी वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो. हवा मिळेनाशी झाली की वरचे अख्खे मणी आतल्या आत बदलू लागतात आणि दीड-दोन टक्के अल्कोहोल मण्याच्या आतच तयार होतं. आठवड्याने मालकाने त्यातला एक मणी मला खायला दिला. दाताखाली फुटला तो सोड्यासारखा झिणझिणत. गामेच्या वाइनला तो ताज्या लाल फळांचा वास येतो, तो बराचसा इथूनच.

तळघराच्या कोपऱ्यात एक सूक्ष्मदर्शक होता. रोज सकाळी चहा-कॉफीच्या आधी प्रत्येक टाकीतला थेंब त्याखाली जायचा: यीस्ट किती, बॅक्टेरिया किती. त्या वर्षी एक लहान टाकी व्हिनेगरकडे झुकली. मालकाने ती बाटलीत भरलीच नाही.

आता डोकेदुखी. सल्फाइट हे कारण मला पटत नाही. युरोपात कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, रेड वाइनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, व्हाइटला 200ची. पण लोकांची तक्रार रेडचीच जास्त. आपल्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तो खाऊन कुणी डोकं धरून बसत नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा खरंच त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. बाकी डोकं अल्कोहोलनेही दुखतं, आणि ते नॅचरल वाइनमध्येही साधारण तेवढंच असतं. आणि यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं, त्यामुळे 'शून्य सल्फाइट' असं सहसा नसतंच.

लेबलचं म्हणाल तर 'नॅचरल' हा शब्द बहुतेक ठिकाणी कुणीही छापू शकतो. फ्रान्सने 2020 मध्ये 'व्हँ मेतोद नातूर', म्हणजे 'नैसर्गिक पद्धतीची वाइन', हे नाव मान्य केलं: प्रमाणित सेंद्रिय द्राक्षं, हाताने तोडणी, मूळचंच यीस्ट आणि एकूण सल्फाइट लिटरमागे फार तर 30 मिलिग्रॅम. लापिएर यांच्या घरचीही मॉर्गों दोन प्रकारे भरली जाते, एक सल्फाइट न घालता आणि एक किंचित घालून. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

आणि बिघडलेली बाटली 'हीच तिची खासियत' म्हणून कुणी गळ्यात मारली तर मुळीच ऐकू नका. एक दोष असा आहे की वाइन नाकाला छान लागते, पण गिळल्यावर काही क्षणांनी तोंडात उंदरांच्या पिंजऱ्यासारखा वास उरतो. वाइनच्या आंबटपणात तो दडून राहतो आणि लाळेत मिसळल्यावर उघडा पडतो. शंका आली तर थेंबभर वाइन मनगटावर चोळून हुंगा. तळघरात आम्ही हेच करायचो.

पहिली बाटली घेणार असाल तर गामेचीच घ्या आणि थोडी गार करून प्या. सल्फाइट न घातलेली असेल तर ती 14 अंशांच्या खाली ठेवायला सांगतात. म्हणून दुकानात ती कुठे ठेवली होती ते आधी विचारा. मे महिन्यात एसी नसलेल्या दुकानात फळीवर उभी असेल तर मी तरी ती घेणार नाही, मग ती मॉर्गोंची का असेना.