फाँतीनचा हिशेब

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' ही कादंबरी वाचून झाली आणि बिशपच्या चांदीपाशी रडू आवरलं नाही, असं तू लिहिलंस. त्या पानांवर मीही दर वेळी थांबते. पण आता तुझ्या हाताखाली माणसं आली आहेत, म्हणून सांगते: बिशपचा प्रसंग एकदा वाचलास, तर फाँतीन या कामगार बाईचा भाग तीनदा वाच.

बिशपची चांदी चोरूनही त्यानं माफ केलेला आणि प्रामाणिक माणूस होण्याच्या बोलीवर सोडलेला जुना कैदी जाँ व्हालजाँ नाव बदलून माँत्रई गावात मादलेन म्हणून राहतो. काळ्या मण्यांच्या धंद्यात राळेऐवजी लाख वापरण्याची युक्ती त्याला सुचते आणि त्यावर गाव वर येतं. तो इस्पितळात खाटा घालतो, शाळा बांधतो, नगराध्यक्ष होतो. बिशपला दिलेला शब्द माणसानं याहून चांगला कसा पाळावा? आणि तरीही फाँतीन उद्ध्वस्त होते ती त्याच्याच कारखान्यातून.

कशी, ते नीट बघ. कामावर येणाऱ्या बायकांची वागणूक शुद्ध हवी, असा त्याचा नियम. बायकांच्या विभागात तो स्वतः सहसा पाऊल टाकत नाही. तिथं एक प्रौढ, सचोटीची मुकादमीण नेमून त्यानं सगळं तिच्यावर सोपवलेलं असतं. फाँतीनला लिहिता येत नाही, ती पत्रं लिहून घेते, आणि लिहून देणाऱ्याच्या तोंडून, लग्नाशिवाय झालेली एक मुलगी आहे हे तिचं गुपित फुटतं. गावातली एक बाई केवळ खात्री करायला ३५ फ्रँक खर्चून, मुलगी जिथं ठेवलेली असते त्या माँफर्मेयला जाते आणि फाँतीनची मुलगी डोळ्यांनी पाहून येते. मग मुकादमीण नगराध्यक्षांच्या नावानं ५० फ्रँक फाँतीनच्या हातावर ठेवते आणि तिला काढून टाकते. हे पैसे कामगार बायकांच्या मदतीसाठी मादलेननंच तिच्याकडे दिलेले असतात. त्यांचा हिशेब तो कधी मागत नाही.

त्यापुढची पानं म्हणजे शुद्ध अंकगणित आहे, आणि मला ती सगळ्या कादंबरीत सर्वांत भयंकर वाटतात. शिपायांचे जाडेभरडे सदरे शिवून दिवसाला १२ सू (वीस सूंचा एक फ्रँक). मुलीच्या खर्चाला त्यातले १० जातात. शेजारची म्हातारी मार्गरीत तिला गरिबीत राहायला शिकवते: परकराचं पांघरूण करायचं, पांघरुणाचा परकर करायचा, समोरच्या खिडकीतल्या उजेडात जेवून मेणबत्ती वाचवायची. मग तुरुंगातल्या कैदिणींकडून स्वस्तात काम करून घेणारा एक ठेकेदार भाव पाडतो आणि १७ तास शिवून ९ सू हातात येतात. केस १० फ्रँकला जातात, पुढचे दोन दात ४० फ्रँकला. प्रत्येक वेळी मागे, मुलगी ज्याच्याकडे ठेवली आहे त्या तेनार्दिएचं पैसे मागणारं पत्र असतंच. ह्यूगो इथं हुंदके देत नाही, आकडे मांडत जातो.

नगराध्यक्षांना जाऊन भेट, असं लोक फाँतीनला सुचवतात. तिची हिंमत होत नाही. तो चांगला आहे म्हणून त्यानं ५० फ्रँक दिले, न्यायी आहे म्हणून काढून टाकलं, असं समजून ती मान खाली घालते. आणि पुढे सगळं कळल्यावर मादलेन तिला विचारतो, तू माझ्याकडे का आली नाहीस? किती मनापासून विचारतो! पण तिला येता यावं अशी वाटच त्यानं ठेवलेली नव्हती.

म्हणून तुला माझं सांगणं आहे. कुणाला कामावरून कमी करायचं झालं, तर आधी तिला स्वतः भेट. घरी कोण कोण आहे, भाडं किती, देणं कुणाचं, हे तिच्या तोंडून ऐक. मदतीचा पैसा दुसऱ्याच्या हातून जात असेल, तर तो कुणाला आणि कशासाठी गेला हे दर महिन्याला विचार. आणि वागणुकीवर नियम करायचा मोह झाला, तर तो मोडल्यावर कुणाचं पोर उपाशी राहील ते आधी शोध. तुझा स्वभाव मायाळू आहे, म्हणून जास्त जपून राहा. मायाळू माणसाच्या कारभाराकडे कुणी बोट दाखवत नाही.

ह्यूगोनं ही कादंबरी १८४५ साली लिहायला घेतली. १८४८च्या क्रांतीत ती बाजूला पडली आणि पुढे हद्दपारीत पुरी होऊन १८६२ साली छापली गेली. मधे, जुलै १८४९ मध्ये, दारिद्र्य नाहीसं करता येतं असं त्यानं पॅरिसच्या विधिमंडळात उभं राहून सांगितलं होतं. फाँतीनची पानं वाचताना मला ते भाषण आठवतं, कारण त्या पानांतला एकही आकडा दैवानं ठरवलेला नाही. भाव ठेकेदारानं पाडला, नियम मालकानं केला.

वॉटर्लूच्या लढाईची पानं तू गाळलीस, त्याबद्दल मी रागावणार नाही. आरास गावातल्या खटल्याची मात्र पुन्हा वाच. भलताच माणूस व्हालजाँ म्हणून जन्मठेपेला जाऊ नये, यासाठी मादलेन भर न्यायालयात स्वतःची ओळख देतो. तो माणूस सुटतो. पण मादलेन गेल्यावर माँत्रईचा धंदा बसतो आणि कितीतरी घरांची चूल विझते. त्यानं बरोबर केलं असं मला ठामपणे वाटतं. पण त्या घरांना मी काय उत्तर दिलं असतं, ते अजून सापडलेलं नाही. तू काय म्हणशील, ते सवडीनं लिही.

तुझ्या बाई