मेरी शेलीच्या आसपास कोण लेखक होते? ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही गाजलेली भयकादंबरी खरंच तिनेच लिहिली का?

हो, तिनेच. नवऱ्याने, म्हणजे कवी पर्सी शेलीने, हस्तलिखितावरून हात फिरवला, प्रस्तावनाही त्याचीच. पण गोष्ट तिची. १८१८ मध्ये पुस्तक निनावी निघालं, ५०० प्रती. वॉल्टर स्कॉटसारख्या जाणत्या कादंबरीकारालाही ते पर्सीचंच वाटलं!

लेखकांचा राबता तिच्या माहेरीच होता. वडील विल्यम गॉडविन, राजकीय विचारवंत आणि कादंबरीकार; आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी लेखिका; आई मात्र बाळंतपणातच गेली. कवी कोलरिज एकदा घरी आपली म्हाताऱ्या खलाशाची कविता म्हणत होता, तेव्हा ही पोर झोपायचं सोडून सोफ्यामागे लपून ऐकत होती, असं सांगतात.

१८१६ चा उन्हाळा जिनिव्हा सरोवराकाठी गेला. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटलेला, त्यामुळे युरोपभर थंडी आणि पाऊस. घरात कोंडलेल्या मेरी, पर्सी वगैरे मंडळींपुढे कवी बायरनने टूम काढली: प्रत्येकाने भुताची गोष्ट लिहायची. बायरन आणि पर्सी या दोघा कवींनी अर्ध्यातच सोडून दिलं. तडीस नेली अठरा वर्षांच्या मेरीने; तीच गोष्ट म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’. बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी, त्याचीही व्हँपायरकथा तिथलीच.

१८२२ मध्ये पर्सी समुद्रात बुडाला. पुढे मुलाला वाढवत ती लिहीत राहिली, आणि १८३९ मध्ये पर्सीच्या कविता टिपांसह तिनेच संपादित केल्या. हे काम फार कमी लोकांना ठाऊक असतं.