कापडी नॅपीचं होईल, आधी ती पॉलिसी परत करा

चिपळूणहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी तेरा महिन्यांची. यजमान लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर, हातात महिना ४५ हजार येतात. ताईंनी बाळंतपणानंतर शाळेतली नोकरी सोडली. डायपरवर महिन्याला १,८०० रुपये जातात, म्हणून बारा कापडी नॅपींचा दहा हजारांचा सेट घ्यायचा विचार आहे. बाळ एवढं मोठं झाल्यावर आता सुरुवात करण्यात अर्थ आहे का, हा त्यांचा प्रश्न. वाचलेल्या १,८०० रुपयांत मुलीच्या नावाने आणखी एक पॉलिसी घ्या, असं बँकेतले साहेब सांगतायत.

आणि पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: ‘पहिल्या पॉलिसीचा ६० हजारांचा हप्ता आम्ही एफडी मोडून भरला. बाँड, म्हणजे पॉलिसीचे कागद, अठरा दिवसांपूर्वी घरी आला. आता खात्यात ४० हजार आहेत.’

ताई, या दोन ओळींसाठी हे उत्तर मी तुम्हाला आधी मेलवर पाठवलंय. पण विचारलंय त्याचं आधी सांगतो, ते थोडक्यात होईल.

दिवसाला पाच डायपर, एक बारा रुपयांना, म्हणजे महिन्याला १,८००. ते सगळे वाचणार नाहीत. रात्रीचा आणि प्रवासातला डायपर सुटत नाही. दिवसाचे तीन-चार सुटतील. साबण, पाणी, वीज धरून हातात उरतील साधारण हजार रुपये. मुलगी सव्वादोन-अडीच वर्षांची होईपर्यंत शू सांगायला लागेल, म्हणजे तुमच्याकडे वर्ष-सव्वा वर्षच आहे. त्यातही कोकणातला पाऊस. कापडाचे चार-पाच थर एकत्र शिवलेला तो जाड पॅड ऑगस्टमध्ये चिपळुणात दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्याचे महिने वजा केले, तर दहा हजारांचा सेट जेमतेम खर्च भरून काढेल. तो घेऊ नका.

त्याऐवजी वॉटरप्रूफ कव्हर तेवढी तीन-चार घ्या, कमरेला आणि मांडीला बटणांनी कमी-जास्त करता येणारी. आत घडी घालायला जुनी सुती साडी किंवा धोतर फाडून चौकोन करा. दीड-दोन हजारांत काम होतं. एकपदरी कापड पंख्याखालीही लवकर वाळतं. नवं सुती कापड आधी पाच-सहा वेळा धुवून घ्या, त्याशिवाय ते पाणी धरत नाही. कपडे मऊ करणारं लिक्विड त्यात घालू नका, त्याने शोषण कमी होतं. या वयाचं बाळ एका वेळी बरीच शू करतं आणि दिवसभर चालत-रांगत असतं, म्हणून मधे जास्तीची घडी ठेवा, मांडीशी फट राहू देऊ नका आणि दोन-तीन तासांनी बदला. आधी घरात, दिवसा, एक-दोन वेळाच. आठवड्याभरात हात बसतो. रॅश कमी व्हावी, कचरा कमी व्हावा म्हणून करणार असाल तर नक्की करा. पण यातून मुलीचं शिक्षण होणार नाही. महिन्याचे हजार रुपये वाचतील, इतकंच.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानावर ‘विमित व्यक्ती’ या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. यजमान फक्त प्रस्तावक, म्हणजे अर्ज करून हप्ता भरणारे. हप्ता माफीचा रायडर, म्हणजे हप्ता भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोड, घेतलेला नाही. म्हणजे उद्या कंपनीत काही अपघात झाला, तर ही पॉलिसी तुम्हाला एक रुपया देणार नाही, उलट पुढचा ६० हजारांचा हप्ता तुमच्याकडे मागेल. विमा असतो कमावत्या माणसाचा. तेरा महिन्यांच्या मुलीवर घरातलं कोणीही अवलंबून नाही. ती स्वतः ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्यांचा एक पैशाचाही विमा तुमच्या पत्रात दिसत नाही. केमिकल प्लांटमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या घरात ही गोष्ट विकणाऱ्याने आधी विचारायला हवी होती.

‘पैसे दुप्पट होतात’ असं सांगून ही पॉलिसी विकली जाते, तेही बघू. दहा वर्षं ६० हजार, म्हणजे सहा लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी बारा लाख मिळणार. हा परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो. सुकन्या समृद्धीत सध्या ८.२ टक्के आहेत. तिथे तेवढेच दहा वर्षं भरले आणि पुढची पाच वर्षं वर्षाला किमान २५० रुपये टाकत राहिलात, तर वीस वर्षांत वीस लाखांच्या पुढे जाता, तेही करमुक्त. सरकार दर तिमाहीला दर बदलू शकतं, म्हणून दोन-तीन लाख कमी धरा. तरी फरक डोळ्यांत भरतो.

पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे बारा दिवस उरलेत. बँकेत जाऊ नका, तिथे तुम्हाला समजावत बसतील आणि दिवस जातील. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेलही करा. मुद्रांक शुल्क, तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा हिस्सा कापून बाकी पैसे खात्यात येतात. फोन येतील, ‘नुकसान होईल’ म्हणतील. बोलणं लेखी द्या, एवढंच सांगा. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, शेवटी विमा लोकपालाकडे. हे बारा दिवस गेले, तर पुढे बाहेर पडताना भरलेल्या पैशांवर मोठं पाणी सोडावं लागेल.

परत आलेल्या पैशांतून पहिलं काम यजमानांचा एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा. तिशी-पस्तिशीत वर्षाला बारा ते पंधरा हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. उरलेले ४५ हजार आणि खात्यातले ४० मिळून ८५ हजार होतात. त्यांना हात लावू नका. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला जमेपर्यंत भर त्यातच घाला, नॅपीतून वाचलेले हजारही तिकडेच. ते झालं की पोस्टात सुकन्याचं खातं. २५० रुपयांनीही उघडतं. दुसरी पॉलिसी मात्र अजिबात नको.

टर्मचा फॉर्म एजंटला भरू देऊ नका. केमिकल प्लांटमधलं काम, तंबाखूची सवय असेल तर ती, सगळं खरं लिहा. हप्ता हजार-दोन हजारांनी वाढला तरी चालेल, दावा नाकारला जाणं परवडणार नाही. आणि पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली हवी, हे सुरुवातीलाच सांगा, नंतर ते जोडता येत नाही. मग ती रक्कम तुमची आणि मुलीचीच राहते, यजमानांचं एखादं कर्ज शिल्लक असलं तरी कर्ज देणारे तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत.