रोलर बदलण्याआधी बेल्ट मोजा : स्कूटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या ११० सीसी ऑटोमॅटिक स्कूटरचे ३१,००० किलोमीटर झालेत. कामासाठी कोल्हापूरहून पन्हाळ्याला रोज जा-ये असते. सपाटीला गाडी बरी पळते, पण वाघबीळच्या पुढे चढ लागला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. हलके रोलर टाक, पिकअप येईल, असं एकाने सांगितलं. हे काम घरी होईल का?

काम घरी होईल, पण रोलर (पुढच्या पुलीतली छोटी वजनं) तूर्त बाजूला ठेवा. चढाला इंजिन दबून गुदमरत असेल तर हलक्या रोलरचा उपयोग होतो, कारण त्यांनी रेस वाढते. तुमच्या गाडीत रेस आधीच वाढते आहे, ती चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा बेल्ट किंवा क्लच घसरतोय. त्यात हलके रोलर टाकले तर गाडी आणखी ओरडेल आणि पेट्रोल जास्त पिईल.

इंजिन गार असताना गाडी मेन स्टँडवर घ्या. डाव्या बाजूचं लांबट कव्हर ८ च्या टी-पान्याने उघडतं. त्याचे बोल्ट एकाच लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

व्हेरिएटरचा (पुढच्या पुलीचा) नट सोडवताना पुलीच्या पंख्यात स्क्रूड्रायव्हर अडकवायची सवय अनेकांना असते. त्याने पाती तुटतात आणि पुलीचा तोल जातो. पुली धरायचा होल्डर वापरा, नाहीतर इम्पॅक्ट गन असलेल्या गॅरेजवाल्याकडून तेवढा नट सैल करून आणा.

बेल्ट निघाला की व्हर्नियरने त्याची रुंदी तीन-चार ठिकाणी मोजा. नव्या बेल्टपेक्षा साधारण १ मिलिमीटर कमी भरली, आतल्या दात्यांच्या खाचेत चिरा दिसल्या किंवा कडा आरशासारख्या चकाकत असल्या तर बेल्ट संपला. तुमच्या किलोमीटरला तो संपलेला असण्याचीच शक्यता जास्त. मग सहाही रोलर बोटांत फिरवून बघा. एखादी बाजू चपटी झाली असेल तर पूर्ण संच बदला, एक-दोन बदलून भागत नाही. वजन कंपनीचंच ठेवा. क्लच शूचं अस्तर २ मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर तेही बदला. क्लच बेल आतून निळी पडली असेल तर ती तापलेली आहे. नुसती गुळगुळीत झाली असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी घासा. या कप्प्यात कुठेही तेलाचा ओलावा दिसला तर आधी ते सील बदला, नाहीतर नवा बेल्टही महिन्याभरात घसरायला लागेल.

जोडताना एक गोष्ट फार सांभाळा. मागची पुली दोन्ही हातांनी फाकवा आणि बेल्ट तिच्यात खोल दाबा, म्हणजे पुढच्या बाजूला बेल्ट सैल राहील. मग पुढची पुली बसवून नट लावा. बेल्ट ताणलेला असेल तर पुलीच्या दोन तबकड्यांमध्ये त्याची कड चिमटते. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो बेल्टवर घट्ट झालेला असतो. गाडी चालू केली की बेल्ट वर सरकतो, नट सैल होतो आणि क्रँकच्या टोकावरच्या खाचा झिजून जातात. तो खर्च बेल्टच्या कितीतरी पट आहे. म्हणून नट आवळला की पुल्या हाताने फिरवा, बेल्ट वर आल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने हवा. बेल्टला आणि पुलीच्या तोंडाला ग्रीस लागता कामा नये.

एवढं करूनही चढाला इंजिन दबत असेल तर प्रत्येक रोलर १ ग्रॅमने हलका करून बघा, त्याहून जास्त नको. चढाला फरक कळेल, मात्र हायवेला त्याच वेगासाठी इंजिन जास्त फिरेल आणि ॲव्हरेज थोडं कमी मिळेल.

प्रश्न : वडिलांची जुनी टू-स्ट्रोक चेतक आहे, पॉइंटवाली. सकाळी एका किकमध्ये सुरू होते. सात-आठ किलोमीटर गेलं की बंद पडते आणि अर्धा तास थांबल्यावर पुन्हा चालते. कार्बोरेटर दोनदा साफ झाला. आता पिस्टन बदला म्हणतात.

पिस्टनला अजून हात लावू नका. गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं महत्त्वाची असतात. प्लगचा पाना, फडकं आणि एक चांगला प्लग सोबत ठेवून मुद्दाम फेरी मारा.

बंद पडली की आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. बारीक तारेने मोकळं करा, काम संपलं.

तसं नसेल तर झाकण लावा, प्लग काढा, टोपीत घालून हेडच्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग त्यापासून लांब धरा. ठिणगी पिवळट, बारीक किंवा गायब असेल तर दोष कंडेन्सर किंवा कॉइलचा, म्हणजे ठिणगी बनवणाऱ्या भागांचा. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि गार झाले की शहाण्यासारखे वागतात. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच) बघा. तोंडं जळून काळी-निळी झाली असतील तर कंडेन्सर आधी बदला, तो स्वस्त आहे. नवे पॉइंट बसवताना ते सर्वांत जास्त उघडतात त्या जागी ०.४ मिलिमीटरची पट्टी घाला. गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, म्हणून गॅप लावल्यावर टायमिंगही तपासावं लागतं. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटर.

ठिणगी निळी आणि कडक असेल, प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. कॉकची जाळी बघा. हेडवरचं पत्र्याचं आवरणही काढा. जुन्या चेतकमध्ये त्याखाली तेल आणि माती मिळून पंखांमध्ये थर साचलेला असतो, वारा लागतच नाही, इंजिन तापतं. लाकडी काडीने खरवडून काढा.

आणखी दोन खुणा बघून ठेवा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस खाली येत नसेल तर फ्लायव्हीलकडचं सील हवा ओढतंय. सतत पांढरा धूर येत असेल आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत असेल तर क्लचकडचं सील गेलं. गिअरबॉक्समध्ये एसएई ३० तेल २५० मिली लागतं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला २० मिली. इंजिनाच्या काळजीपोटी जास्त ओतू नका. जादा तेलाने प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतात.

प्रश्न : आम्ही शाहूपुरीत सखल भागात राहतो. २०२१ च्या पुरात स्कूटर सीटपर्यंत पाण्यात होती आणि पाणी ओसरल्यावर भावाने सेल्फ मारला, इंजिन गेलं. पुन्हा वेळ आली तर काय करावं?

सेल्फ मारायचा नाही, किकही नाही, चावीसुद्धा फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा असेल तर आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. पाणी शिरलेलं इंजिन चालू करून झालेलं नुकसान बऱ्याचदा नाकारलं जातं.

मग या क्रमाने : बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. प्लग काढा आणि किक हाताने सावकाश दाबा, भोकातून पाणी बाहेर येईल. ते थांबलं की प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा. एअर फिल्टर कागदी असेल तर फेकून द्या. टाकी पूर्ण रिकामी करा. इंजिन ऑइल काढा. ते दुधाळ दिसेल. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवं ऑइल भरा, ११० सीसीला साधारण पाऊण लिटर लागतं. खाली सांगितलेली बाकीची कामंही उरकली की सगळं जोडून गाडी पाच मिनिटं चालवा आणि ऑइल पुन्हा काढा. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हे करत राहा, बहुधा दोन वेळा लागतं.

मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल हमखास विसरलं जातं. ते जेमतेम १०० ते १२० मिली असतं, पण तिथे पाणी राहिलं तर काही महिन्यांत बेअरिंग गुणगुणायला लागतात. बेल्टचा कप्पा आणि ब्रेकचे ड्रम उघडून पुसा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) आणि सेन्सरचे कनेक्टर सोडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दिवसभर वाऱ्यावर सुकवा, मगच बॅटरी जोडा.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी कार्बोरेटरची स्कूटर बिघडते का?

रोज चालणारी सहसा नाही. उभी राहणारी बिघडते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते टाकीच्या आणि फ्लोट बाउलच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी बसतं, मग गंज आणि बुजलेला जेट. महिनाभर गाडी वापरणार नसाल तर कॉक बंद करा आणि बाउलच्या खालचा स्क्रू सोडून तो रिकामा करा. पेट्रोल पाइप हाताला चिकट किंवा कडक लागत असेल तर इथेनॉलला चालणारा नवा पाइप आणि क्लिपा बसवा.

प्रश्न : चेतकचं बोअरिंग ०.५० ओव्हरसाइज करायचं आहे. त्याने ताकद वाढेल ना? उद्यमनगरात काम टाकताना काय बघावं?

ताकद त्या कारणाने वाढत नाही. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५७ मिलिमीटर, म्हणजे १४५.४५ सीसी. बोअर ५७.५ केला की १४८ सीसी होतात, अडीच सीसीचा फरक. गाडी जोरात वाटते ती गेलेलं कॉम्प्रेशन परत आल्यामुळे. ही दुरुस्ती आहे आणि झिजलेल्या सिलिंडरला ती हवीच.

पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडरसोबत तोच कारागिराच्या हातात द्या, म्हणजे त्या पिस्टनच्या मापाने बोअर होईल. पिस्टनच्या खोक्यावर छापलेला क्लिअरन्स पाळायला सांगा आणि बोअरिंगनंतर होनिंग (आतून बारीक घासणी) करून घ्या. शिवाजी उद्यमनगरात अचूक मोजणाऱ्यांची वाण नाही. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी अशी सहा मापं तुमच्या समोर घ्यायला सांगा. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा बोटाने चाचपा. धार लागली तर कानशीने किंचित मारून घ्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. रिंग एकटी बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला आणि तोंडातला गॅप ०.२० ते ०.३५ मिलिमीटरच्या दरम्यान आहे का ते पट्टीने बघा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवा, गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही सर्क्लिप नव्याच घाला. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्याच्या वर ॲक्सिलरेटर नको, आणि तोवर पन्हाळ्याचा घाट दोघांनी चढू नका.