ग्रास कटर चोकवर चालतो, चोक काढला की बंद पडतो : कार्बोरेटर बदलावा का?

प्रश्न : काजूच्या बागेत बेणणीसाठी टू-स्ट्रोक ग्रास कटर वापरतो. मागच्या हंगामानंतर यंत्र तसेच पडवीत ठेवले होते. आता चोक लावून दोरी ओढली की चालू होते, पण चोक काढून रेस दिली की बंद पडते. मेकॅनिक कार्बोरेटर बदलायला सांगतो. बदलू का? (एक बागायतदार, सिंधुदुर्ग)

उत्तर : लगेच बदलू नका. यंत्र वॉरंटीत असेल तर स्वतः उघडूही नका, विक्रेत्याकडे न्या. वॉरंटी संपली असेल तर पुढे वाचा.

चोक लावला की हवा अडते आणि इंजिन पेट्रोल जास्त ओढते. त्यामुळे फक्त चोकवर चालणारे यंत्र बहुधा एकच गोष्ट सांगत असते : पेट्रोल कमी पडते आहे. ते नेमके कुठे अडते, हे टाकीपासून शोधत यायचे. कार्बोरेटर या वाटेवर सगळ्यात शेवटी येतो.

आधी टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. आंबूस वास आला, रंग गडद झालेला दिसला किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पेट्रोल यंत्रात परत घालू नका, आणि विहिरीच्या किंवा आळ्याच्या जवळपास ओतूही नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ओलाव्याला काय तोटा! ओलावा प्रमाणाबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसते, टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतला फिल्टर नेमका तळाशी असतो. म्हणजे इंजिनात आधी बिनऑईलचा पाणेरी थर जातो. यात नुसता कार्बोरेटर खराब होत नाही, पिस्टन जाम होण्याची भीती असते. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण असे पेट्रोल तसेच ठेवून नवा कार्बोरेटर बसवला, तर पुढच्या हंगामात त्याचीही तीच गत होईल.

पेट्रोल आणि ऑईलचे ताजे मिश्रण भरून पाहा. तरीही बंद पडत असेल तर टाकीचे झाकण जरा सैल करून चालवा, यंत्र आडवे न करता. आता नीट चालले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे, तेवढे साफ केले की काम झाले. नाहीतर वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर काढा. तो काळपट, चिकट असेल तर बदला, किरकोळ किमतीत मिळतो. मग पेट्रोलच्या दोन्ही नळ्या टाकीत शिरतात तिथे वाकवून बघा, चिरा बहुधा तिथेच पडतात. शेवटी यंत्र चालू करण्याआधी पेट्रोल ओढायला दाबतो तो रबरी फुगा दाबा. तो पेट्रोलने पूर्ण भरत नसेल किंवा सतत बुडबुडे येत असतील, तर कुठेतरी हवा शिरते आहे. फुगा स्वतःही फाटलेला असू शकतो.

इथवर सगळे ठीक असेल तरच कार्बोरेटर उतरवायचा. इंजिन थंड होऊ द्या, प्लगची टोपी काढून ठेवा, आणि चूल किंवा विडी जवळपास नको. एअर फिल्टरचा डबा काढला की कार्बोरेटर सहसा दोन बोल्टवर बसलेला दिसतो. ॲक्सिलरेटरची केबल आणि नळ्या सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. कुठली नळी कुठे, कुठले पॅकिंग कुठल्या बाजूला, हे नंतर आठवत नाही.

या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो. उतारावर यंत्र कसेही कलले तरी पेट्रोल मिळावे म्हणून आत दोन पातळ पडदे असतात, त्यांना डायफ्रॅम म्हणतात. एक पेट्रोल ओढतो, दुसरा सुई उघडून हवे तेवढेच आत सोडतो. चांगला डायफ्रॅम बोटावर मऊ पडतो. पेट्रोलमध्ये राहून, मग सुकून तो पापडासारखा कडक होतो आणि सुई पुरेशी उघडत नाही. तुमच्या यंत्राचा दोष बहुधा इथेच सापडेल. दुसरी जागा म्हणजे आतली बारीक जाळी. तिच्यावर वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट चिकटा बसतो.

डायफ्रॅम आणि सगळी रबरे काढून ठेवा, मगच कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, कारण तो रबराला सोसत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, फवारा उलटून तोंडावर येतो. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, तार किंवा टाचणी घालू नका. छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी तो कार्बोरेटर पुन्हा नीट लागत नाही. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची जोरदार हवाही नको, आतला छोटा व्हॉल्व्ह उडतो. डायफ्रॅम, पॅकिंग आणि सुईचे किट मिळते, मात्र कार्बोरेटरवर कोरलेला नंबर दाखवूनच घ्या.

बदलायचा कधी? सुई बसते ती जागा झिजून पेट्रोल गळत असेल, पाण्याने आतला धातू पांढरा पडून खड्डे पडले असतील, आटे गेले असतील किंवा थ्रॉटलचा दांडा खिळखिळा झाला असेल, तर किटचा उपयोग नाही. नवाच घ्या. जुना सोबत न्या आणि बोल्टच्या छिद्रांमधले अंतर, हवेच्या भोकाचा व्यास, नळ्यांची तोंडे जुळवून पाहा. नुसते मॉडेलचे नाव सांगून घेतलेला भाग बऱ्याचदा परत करावा लागतो.

प्रश्न : नवा कार्बोरेटर घरीच बसवला. एकदा यंत्र चालूच झाले नाही, पुन्हा खोलून बसवल्यावर झाले. आता रेस न देताही पाते फिरते. काय चुकले? (रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या वेळी पॅकिंग उलटे बसले असावे. बहुतेक टू-स्ट्रोक यंत्रांत इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या पॅकिंगला एक बारीक छिद्र असते. इंजिनातला दाब-ओढ त्यातून डायफ्रॅमपर्यंत पोचते आणि त्यावरच पेट्रोलचा पंप चालतो. पॅकिंग उलटे झाले की ते छिद्र झाकले जाते, पेट्रोल येत नाही, आणि माणूस नव्या भागाला दोष देत बसतो.

पाते आपोआप फिरणे धोक्याचे आहे. असे यंत्र घेऊन बागेत जाऊ नका. स्लोचा (रेस न देता इंजिन किती वेगाने चालावे याचा) स्क्रू, ज्यावर सहसा टी लिहिलेले असते, तो पाते थांबेपर्यंत हळूहळू उलटा फिरवा. केबल ताणलेली नाही ना, तेही पाहा. स्लो कमी करूनही पाते फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटली असेल.

एच लिहिलेला, म्हणजे पूर्ण रेसवर पेट्रोल किती जावे हे ठरवणारा स्क्रू मात्र जपून. तो आत फिरवत नेला की आवाज चढत जातो आणि यंत्र जोरात चालल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पेट्रोल कमी, ऑईल कमी आणि पिस्टन तापून जाम. हा स्क्रू असेल तर हलक्या हाताने बंद करून एक ते दीड फेरा उघडणे ही सुरुवात धरा. पुढचे बारीक सेटिंग जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या.

प्रश्न : ऑईल थोडे जास्त घातले तर इंजिन जास्त टिकते का? (रायगड)

उत्तर : नाही. जादा ऑईलने सायलेन्सरमध्ये काजळी धरते, प्लग काळा पडतो आणि यंत्र रेस घेत नाही. पुस्तिकेत १:५० असेल तर एका लिटरला २० मिलि, १:२५ असेल तर ४० मिलि, मापाने मोजून. बाटलीच्या झाकणाचा अंदाज चालणार नाही. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करा. फोर-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचेच नाही, त्याचे ऑईल वेगळ्या जागी भरतात.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, फुगा दाबून उरलेले पेट्रोल टाकीत आणून तेही ओता, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. यंत्र खतांच्या गोण्यांजवळ ठेवू नका, तिथल्या ओलसर खारट हवेने धातू लवकर खातो.