आहारविषयक प्रश्नोत्तरे : शेवटच्या ताटात काय उरते?

प्रश्न : आमच्या महिला मंडळातर्फे दर रविवारी पोषक स्वयंपाकाचे वर्ग घ्यावेत, असे आम्ही ठरवले आहे. गेल्या वर्षी याच विषयावर एक व्याख्यान झाले होते. बायका आल्या, तक्ते पाहिले, पत्रके घेऊन घरी गेल्या. पण कोणाच्याही घरचा स्वयंपाक बदलला नाही. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. व्याख्यानाला सुना आल्या असतील. पण बाजारातून काय आणायचे हे ठरवणारे घरधनी आणि कोणाला किती वाढायचे हे ठरवणाऱ्या सासूबाई त्या दिवशी घरीच राहिल्या असतील, तर चुलीवर काही बदलणार कसे? म्हणून आमंत्रण बाईला न देता घराला द्या, आणि पहिल्या रविवारी नवा पदार्थ शिकवूच नका.

त्याऐवजी एक साधा प्रयोग करा. बेळगाव तालुक्यातील एका गावात आम्ही पाच माणसांच्या घराला पुरेल एवढी मसुराची उसळ केली आणि एका आजींना त्यांच्या घरच्या क्रमाने ती वाढायला सांगितली. आधी घरधनी, मग दोन मुलगे, मग त्या स्वतः आणि शेवटी सून. पाचव्या ताटात दोन भाकऱ्या होत्या, पळीभर रस्सा होता आणि त्या रश्श्यात मसुराचे मोजके दाणे होते. आजींनी ते बोटाने बाजूला सारून खरोखरच मोजले, चौदा भरले. मांडवात कोणी बोलेना. मग त्याच म्हणाल्या, "उद्यापास्नं पाचही वाट्या आधी भरून ठेवीन, मगच वाढीन." माझ्या मते त्या दिवशीचा वर्ग तिथेच पूर्ण झाला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामागे कारणे अनेक असतात. पण शेवटचे ताट हे आपल्या हातात असलेले कारण आहे.

पुढच्या वर्गांसाठी शहरातून काही मागवण्याची गरज नाही, कारण आपल्या भागात भात काढल्यावर मसूर होतो, कुळीथ आणि नाचणी घरात असते, परड्यात शेवगा आणि अंबाडी असते. कुळीथ किंवा मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली, की मोड येताना धान्यातील फायटेट, म्हणजे लोह अडवून धरणारा घटक, कमी होते आणि त्यातील लोह शरीराला अधिक मिळते. त्या उसळीवर लिंबू पिळायचे ते ताटात वाढल्यावर, उकळत्या पातेल्यात नव्हे, कारण लोह शोषायला मदत करणारे क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. जेवल्या जेवल्या चहा घेण्याची आपल्याकडची सवय या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवते. चहा आणि जेवण यांत निदान तासाभराचे अंतर असावे. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तांदळात आणि गव्हात त्या मानाने फारच थोडे असते. तिची आंबील करताना पीठ रात्रभर आंबवण्याची आपल्या आज्यांची रीत शास्त्रालाही धरून आहे. भातापुरते एवढेच म्हणेन, की त्याचा ढीग थोडा लहान करून शेजारी डाळ आणि भाजी वाढवावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस-मासे ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत.

तेल आणि मीठ यांचा हिशेब महिन्याच्या सामानात मांडा, म्हणजे तो पुरुषांनाही पटतो. त्याच ताटात तेल-तुपाचे प्रमाण माणशी २७ ग्रॅम आहे. पाच मोठ्या माणसांच्या घराला ते महिन्याला सुमारे चार किलो होते. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे त्याच घराला महिन्याला पाऊण किलो, आणि त्यात लोणचे-पापडही आले. घराघरांतून किराण्याची यादी आणायला सांगा आणि ती सर्वांसमोर वाचा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. पत्रके कन्नडमध्ये असतात आणि मुले ती भाषा शाळेत शिकलेली असल्यामुळे पत्रके सहज वाचतात, पण आजीला ती वाचता येत नाहीत. तेव्हा नातवाने पत्रक वाचावे, मराठीत सांगावे आणि आजीने ते करून दाखवावे, असा क्रम ठेवा. अंगणवाडीच्या बाईंना आणि आशाताईंना पहिल्यापासून सोबत घ्या. मुलग्यांना पीठ मळायला बसवा. भाकरी थापताना ती तुटेल, तरी तीच त्यांना खाऊ द्या.

प्रश्न : मी शिक्षणासाठी बेळगावात दोन मित्रांसोबत खोली घेऊन राहतो. रात्री वडापाव किंवा नूडल्सचे पाकीट यावरच भागते. एका शेगडीवर रोज काय करता येईल?
— एक विद्यार्थी, वय १९

उत्तर : एक लहान कुकर घे. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ या प्रमाणाची खिचडी तिघांना रात्री पुरून सकाळीही थोडी उरते. उरलेली लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवता येत नसेल, तर तेवढी कमीच कर. तांदळात जे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत असते, म्हणून हा जोड चांगला. त्यात गणपत गल्लीतून आणलेली मेथी किंवा गाजर चिरून घाल. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. खात असशील तर कुकर उतरवल्यावर त्याच शेगडीवर तीन अंडी उकड, नाहीतर मूठभर भिजवलेले शेंगदाणे खा. दुपारच्या भुकेला उकडलेली रताळी उत्तम. ती तर आपल्याच तालुक्यात पिकतात. तिघांनी पाळ्या लावून घ्या, म्हणजे कोणा एकावर भार पडणार नाही.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे आणि लवकर दमते. तिला टॉनिकची महाग पावडर सुरू करावी का?
— एक आई, निपाणी

उत्तर : आधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात ते बारापेक्षा कमी असेल, तर डॉक्टरांना दाखवा. केवळ आहाराने ते भरून निघेल अशी वाट पाहू नका. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते की दप्तरात ठेवते, हे प्रेमाने विचारा. पोटात मळमळते म्हणून मुली ती टाळतात. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. जंतांची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत देतात. त्या दिवशी मुलगी गैरहजर असेल, तर अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. पावडरीच्या पैशांत रोज एक अंडे किंवा पेलाभर दूध, आणि भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी देता येईल.