स्पीड भरपूर, तरी इंटरनेट फोनवर आवाज तुटतो. राउटरमध्ये काय बदलावं?

तुमचा प्रश्न असा आहे: घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, ऑफिसचा फोन लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनवर (इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या ॲपवर) चालतो, तरी आवाज तुटतो. कधी समोरच्याचं ऐकू येतं, पण तुमचं त्याला जातच नाही. तर मोठा प्लॅन घ्यावा का?

नका घेऊ. मी घरूनच कॉल घेतो आणि सुरुवातीला हाच उद्योग करून बसलो होतो. ५० चा प्लॅन २०० वर नेला, आवाज होता तसाच तुटत राहिला. नंतर लक्षात आलं की २०० होता तो डाउनलोड; अपलोड २० चा २० च.

कॉलला लागतं किती? जी.७११ हा जुना, ऐसपैस जागा घेणारा कोडेक (आवाजाचा डेटा बनवण्याची पद्धत) धरला तरी एका दिशेला साधारण ९० केबीपीएस. पण साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) जातात आणि ती वेळेत पोचावी लागतात. उशिरा आलेलं पाकीट समोरचा फोन टाकून देतो. 'उद्या या' मधलं 'द्या' जातं ते तिथे.

हा उशीर डोळ्यांनी बघता येतो. लॅपटॉपवर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, सलग पिंग (पाकीट जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी कमांड) लावून ठेवा आणि मोबाइलवरून एखादा लांबलचक व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. आमच्याकडे आकडा ९ वर निवांत असायचा. बायकोने फोन चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप सुरू, आणि आकडा ३१०, ४८०, ६२०. बॅकअप थांबवला की परत ९. लाइन धडधाकट होती. रांग लागत होती अपलोडच्या तोंडाशी. १५०० बाइटची हजार पाकिटं २० एमबीपीएसवरून बाहेर पडायला ६०० मिलिसेकंद घेतात, आणि तुमचा 'हॅलो' त्यांच्या मागे उभा. याला बफरब्लोट म्हणतात.

यावर इलाज एकच: लाइन पूर्ण भरू द्यायची नाही. तीन वेगवेगळ्या वेळी स्पीड टेस्ट करून अपलोडचा सगळ्यात कमी आकडा घ्या आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के राउटरच्या क्यूओएस (कोणता डेटा आधी जाऊ द्यायचा ते ठरवणारी सोय) पानावर मर्यादा म्हणून टाका. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते. नुसतं 'लॅपटॉपला हाय प्रायोरिटी' करून अपलोडचा आकडा रिकामा सोडला, तर बहुतेक वेळा काही फरक पडत नाही, कारण रांग राउटरच्या पुढच्या, फायबरच्या डब्यात लागते. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत पर्यायी सॉफ्टवेअर) चढत असेल तर एसक्यूएम हा रांग सांभाळणारा भाग घालून त्यात 'केक' ही पद्धत निवडा; मला त्याहून सरस काही सापडलेलं नाही. जुन्या राउटरचा प्रोसेसर त्याने दमतो आणि एकूण स्पीड थोडा उतरतो. मी उतरू दिला.

तुमचा आवाज पलीकडे न जाणं हे मात्र वेगळंच दुखणं आहे, त्याला क्यूओएसचा उपयोग नाही. सॉफ्टफोन कॉल जोडण्याच्या निरोपात (या निरोपांची भाषा म्हणजे सिप) लॅपटॉपचा घरातला नेटवर्क पत्ता, १९२.१६८ वाला, लिहून पाठवतो. राउटरमधलं 'सिप एएलजी' मदत म्हणून तो पत्ता बदलायला जातं आणि पुष्कळदा घोळ घालतं. मग आवाज एकाच बाजूने येतो, किंवा उचललेला कॉल साधारण ३२ व्या सेकंदाला कटतो. ३२ सेकंद हे आकडेमोडीतून आलेले आहेत: कॉल उचलल्याची पोच तेवढ्या वेळात मिळाली नाही तर सिप तो सोडून देतं. तेव्हा एएलजी बंद करा. हा टिकमार्क कधी 'नॅट' (घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारा भाग) मध्ये असतो, कधी 'सिक्युरिटी' मध्ये. मग राउटर आणि सॉफ्टफोन दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. फायबर कंपनीच्या डब्यात हा पर्यायच लपवलेला असेल, तर ऑफिसच्या आयटीवाल्यांना सॉफ्टफोन टीएलएसवर टाकायला सांगा. मजकूर कुलूपबंद झाला की एएलजीला तो वाचता येत नाही, मग बदलणार काय?

फायबरवाल्याचा डबा आणि त्याच्यामागे तुमचा स्वतःचा राउटर अशी जोडी असेल तर नॅट दोनदा होतं. त्यांचा डबा ब्रिज मोडमध्ये (नुसती लाइन पुढे देणारा) करून घ्या. ते तयार नसतील तर तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय देणारा) टाका; मग क्यूओएस मात्र त्यांच्याच डब्यात शोधावं लागेल.

कुणी '५०६० पोर्ट', म्हणजे सिपचा नेहमीचा दरवाजा, 'राउटरमध्ये उघडा' म्हणेल. उघडू नका. मी उघडला होता, तेव्हा टेबलावरचा आयपी फोन रात्री अडीचला वाजला. स्क्रीनवर नंबर '१००', पलीकडे कोणी नाही. नेटवर असे पोर्ट हुडकत फिरणारे स्कॅनर सतत चालू असतात. पोर्ट बंद केला, त्या रात्रीपासून झोप लागली. कॉल बाहेर जातात पण आत येत नाहीत असं झालं, तर सॉफ्टफोनमध्ये कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला अधूनमधून जाणारा निरोप) २०-२५ सेकंदांवर ठेवा. मग कॉल आत येण्याची वाट राउटर विसरत नाही.

वायफायबद्दल एवढंच, की शक्य असेल तर लॅपटॉपला केबल लावा. नाहीतर ५ गिगाहर्ट्झ, आणि राउटर कपाटातून बाहेर. लाइट जात असेल तर राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींना पुरेल असा छोटा यूपीएस बघा. एकालाच लावून काम होत नाही, हे आमच्याकडे एका मीटिंगच्या मध्यात कळलं.

आज पिंग लावून बघा आणि व्हिडिओ चढत असतानाचे आकडे, अपलोडचा स्पीड आणि राउटरचं मॉडेल खाली लिहा. क्यूओएसच्या पानावर नेमकं काय भरायचं ते सांगतो.